डागांचं टेबल

माझी थोरली जाऊ कपडा नाकाला लावून माणसाचा अख्खा दिवस सांगायची. कॉलरवर काय सांडलंय, बाहीला काय लागलंय हे तर झालंच, पण हा माणूस दुपारी जेवला नाही, नुसत्या चहावर होता, हेसुद्धा. लोक हसायचे, मग घरी जाऊन विचारात पडायचे. एकदा तिने भाऊजींचं, म्हणजे तिच्याच नवऱ्याचं जाकीट दारातच हुंगलं आणि शांतपणे विचारलं, सोडली होती ना सिगारेट? भाऊजी बस चालवायचे. साऱ्या जगावर हॉर्न मारणारा माणूस, पण तिच्यापुढे मांजर. त्या दिवसापासून त्यांनी सिगारेट खरंच सोडली. म्हणाले, या बाईसोबत राहायचं तर सरळ वागण्यातच कमी कष्ट आहेत.

मी तिला जाऊबाई म्हणते. आता तुम्ही म्हणाल, जावाजावांचं कधी कुणाचं पटलंय का? नाहीच पटलं. ती मोजकं बोलणारी, मी तोंडाळ. ती भांडं घासून हळूच पालथं घालणार, मी आपटणार. पण आमचे हे गेले तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, पदरात काही नव्हतं, आणि जिथे मी सणावारी पाहुणी म्हणून यायचे त्या घरात तिने मला कपाट रिकामं करून दिलं. स्वतःचे कपडे एका फळीवर दाबून बसवले आणि तीन फळ्या मला सोडल्या. महिन्याभराने मला लॉन्ड्रीत नेऊन मालकांसमोर उभं केलं आणि म्हणाली, ही माझी धाकटी जाऊ, काउंटरवर बसेल. विचारलं नाही, सांगितलं. मालक हो म्हणाले. नाही म्हणून सांगतात कुणाला? तिथे मालक नावाचेच मालक होते, दुकान चालायचं ते डागांच्या टेबलावर.

ते टेबल मागच्या खोलीत होतं. धुलाईची दोन मोठी यंत्रं, इस्त्रीची तीन टेबलं, आणि कोपऱ्यात खिडकीला खेटून हे. वर पत्रा, मधोमध बारीक भोकांची जाळी, बाजूला वाफेची नळी. समोरच्या फळीवर अकरा बाटल्या, एकीवरही नाव नाही. एकीच्या गळ्यात लाल दोरा, एकीच्या चिंधी, एकीचं बूच चावलेलं, अशा ओळखी. यंत्र सगळंच काढत नाही. जे उरतं ते या टेबलावर येतं, आणि डाग कशाचा आहे हे न कळता बाटली उघडली की कपडा गेलाच म्हणून समजा. रक्त, दूध, अंडं यांना गरम दाखवलं की ते शिजून धाग्यात बसतं. चहाला किंवा फळाच्या रसाला साबण चोळलात की पिवळेपणा जन्मभराचा. सगळ्यांत बनेल ते साखरेचं पाणी. वाळलं की दिसतच नाही, आणि वरून इस्त्री फिरली की तपकिरी ठिपका होऊन वर येतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, हा डाग तुम्हीच पाडलात.

जाऊबाई एकोणिसाव्या वर्षी त्या टेबलापाशी आली. तेव्हा तिथे एक म्हातारा होता. त्याला बोलण्याचा कंटाळा. ती चुकली की ओला ब्रश मनगटावर हाणायचा, आणि तिने असं का म्हणून विचारलं की म्हणायचा, हुंग. झालं शिक्षण. तो गेल्यावर टेबल तिचं झालं, आणि त्या एका शब्दावर तिने एकतीस वर्षं काढली. लग्नाचे पोशाख, डॉक्टरांचे कोट, कुणाच्या आईची शेवटची शाल, सगळं तिच्या हाताखालून गेलं.

तिचा वास गेला तो असा हळूहळू गेला की घरात कुणाला पत्ता नाही. एके संध्याकाळी मी बाहेरून आले तर जिन्यातच करपल्याचा वास. आत दूध जळून कोळसा झालेलं, आणि ही शेगडीकडे पाठ करून निवांत बटण लावत बसलेली. मी ओरडले. तिने पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. लक्ष नव्हतं म्हणाली. ही बाई आणि लक्ष नाही? पण मी सोडून दिलं. आपल्याला तरी कुठे खोलात जायचं असतं.

मग तो करडा लोकरी कोट आला. त्या माणसाने काउंटरवर मला सांगितलं, चहा सांडलाय. मी टॅगवर चहा लिहिलं आणि कोट मागे पाठवला. गिऱ्हाईक खोटं बोलतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. कुणी भांडणाचं लपवतं, कुणी पिण्याचं, कुणी अंथरूण ओलं करणाऱ्या म्हाताऱ्या बापाचं. म्हणून तर जाऊबाई टॅग वाचायचीच नाही, आधी हुंगायची. त्या दिवशी मात्र तिने टॅगवर विश्वास ठेवला आणि वाफ सोडली. ते रक्त होतं. तळहाताएवढा डाग असा पक्का बसला की कोट कुणाच्या कामाचा राहिला नाही. मी आत गेले तेव्हा ती कोट तोंडावर दाबून श्वास ओढत होती. पुन्हा पुन्हा ओढत होती. त्या क्षणी मला सगळं कळलं.

मालकांनी आकाशपाताळ एक केलं. मी म्हटलं, टॅगांची अदलाबदल माझ्या हातून झाली. मला काय, शिव्या खायची सवय होती. घरी जाताना ती म्हणाली, "दीड वर्ष झालं. काहीच येत नाही गं." मी म्हटलं, मालकांना सांगू या, डॉक्टरकडे जाऊ या. ती म्हणाली, सांगितलं की ते टेबल दुसऱ्याला देतील, आणि टेबल गेल्यावर मी काय करू? डॉक्टरकडेही आली नाही. डॉक्टरची बायको आमचं गिऱ्हाईक होती ना.

दुसऱ्या दिवसापासून मी तिचं नाक झाले. काउंटरवर कपडा आला की खिसे तपासायच्या, बटणं मोजायच्या निमित्ताने मी तो तोंडाजवळ न्यायचे. सुरुवातीला मला काय कळतंय, बोडकं! मग तिने मला शिकवायला घेतलं. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात चिंध्यांवर एकेक थेंब टाकायची, दोन दिवस वाळवायची, माझे डोळे बांधायची. कशाला म्हणतेस आंबट, लिंबू आंबट आणि दूध आंबट यांत फरक नाही का? विचारून विचारून माझा जीव घ्यायची. स्वतःला काही येत नव्हतं, पण कोणता वास कसा असतो हे तिला इतकं पाठ होतं की मी चुकीचं वर्णन केलं तरी तिला डाग बरोबर कळायचा.

टॅगवर लिहिलं तर मालक वाचणार. म्हणून गाठी. टॅगच्या दोऱ्याला एक गाठ म्हणजे रक्त, दूध, अंडं. दोन म्हणजे चहा, कॉफी, फळं. तीन म्हणजे तेलकट. चार म्हणजे साखर. ती कपडा उचलायची, नाकाशी न्यायची, आणि दोरा अंगठ्याखालून फिरवायची. बघणाऱ्याला वाटायचं, काय ते नाक! पाच वर्षं चाललं हे. पाच वर्षांत एक कपडा बिघडला नाही, आणि लोक म्हणायचे, जाऊबाईंना सांगा, त्यांच्या नाकातून काही सुटत नाही. मी काउंटरवर पावती फाडत हे ऐकायचे. खोटं कशाला बोलू, कधीकधी पेन्सिल मोडून टाकावीशी वाटायची.

मग तो कागद आला. मालकांनी इस्त्रीच्या खोलीत भिंतीला डकवला. लोकांची कामं करणाऱ्या सगळ्यांसाठी, म्हणजे केस कापणारे, बूट शिवणारे, घड्याळं दुरुस्त करणारे, आम्ही धुलाईवाले, सगळ्यांना आता श्रेणी. पहिल्या श्रेणीने कपडे घ्यायचे, घड्या घालायच्या, बांधून द्यायचे. औषधाच्या बाटलीला हात लावायचा तर दुसरी श्रेणी हवी. आणि दर पाच वर्षांनी पुन्हा वर्गात बसायचं, पुन्हा परीक्षा, हातपाय चालतायत तोवर. माझं डोकंच फिरलं. एकतीस वर्षं जिने तुमची घाण काढली तिची परीक्षा घेणारे तुम्ही कोण? मी मालकांना चार माणसांत म्हटलंही. मालक म्हणाले, मला काय सांगता, पाच महिन्यांनी तपासणी आहे, श्रेणी नसलेलं माणूस टेबलापाशी दिसलं तर दुकानाला टाळं लागेल. जाऊबाईने कागदावरचा मजकूर एकेक अक्षर लावत पूर्ण वाचला. वाचायला तिला वेळ लागायचा.

वर्ग आठवड्यातून दोन दुपारी, धंदेशिक्षणाच्या शाळेत; मला पहिली श्रेणी, तिला दुसरी, पण बसायचं एकत्रच. बाकं पोरांच्या मापाची. आमच्याबरोबर साठीचा एक न्हावी होता, त्याचे गुडघे बाकात मावेनात म्हणून तो कडेने पाय बाहेर काढून बसायचा. शिकवणारी मास्तरीणबाई तिशीची असेल. पहिल्या दिवशी मी चावायच्या तयारीनेच गेले होते. पण काय सांगू, बाई चांगली निघाली. रागवायला जागाच देईना. जाऊबाईला लिहायला वेळ लागतो हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि लेखी पेपरऐवजी तोंडी परीक्षेची परवानगी स्वतः खेटे घालून आणली. रक्ताला गरम पाणी का चालत नाही, हे फळ्यावर चित्र काढून सांगितलं तेव्हा जाऊबाई बाकावर ताठ बसली. न्हावी म्हणाला, चाळीस वर्षं कापतोय, केस म्हणजे काय ते आज कळलं. सगळे हसले. जाऊबाई हसली नाही. घरी जाताना म्हणाली, म्हाताऱ्याला हे माहीत असेल का गं? असूनही सांगितलं नसेल? मी म्हटलं, त्यालाच माहीत नसेल. ती म्हणाली, तसंच असू दे.

पाचव्या आठवड्यात मास्तरीणबाईने फळ्यावर नाक काढलं. आपल्या बाटल्यांतली औषधं बंद खोलीत वर्षानुवर्षं हुंगली की काय होतं ते सांगितलं. डोकं दुखतं, बोटं बधिर होतात, वास कमी होत जातो. म्हणून टेबलावर हवा ओढणारा पंखा हवा, हातमोजे हवेत, बाटलीवर नाव हवं, आणि ओळखायला नाक वापरायचं ते कपड्यापुरतं, बाटलीपाशी न्यायचं नाही. आमच्या टेबलाशी खिडकी होती, पण थंडीत वाफ लवकर विरते म्हणून म्हातारा ती लावून घ्यायचा, आणि जाऊबाईही लावून घ्यायची. तिने हात वर केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"परत येतो का?"

बाईने विचारलं, काय?

"वास."

बाई म्हणाली, किती वर्षं झाली त्यावर आहे, कधी येतो, बऱ्याचदा येत नाही. मग तिने जाऊबाईकडे जरा निरखून पाहिलं आणि वर्ग सुटल्यावर भेटा म्हणाली. जाऊबाई भेटली नाही. वर्ग सुटताच माझा दंड धरून मागच्या दाराने बाहेर पडली. रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आमचे हे गेले तेव्हासुद्धा नाही. मला इतका राग आला, त्या म्हाताऱ्याचा, मालकांचा, त्या बंद खिडकीचा, की मी उभ्या उभ्या सगळ्यांना शिव्या घातल्या आणि तिला पाणी आणून द्यायचं विसरले.

परीक्षेचे तीन भाग होते. तोंडी प्रश्नांची तिला भीती नव्हती. भाऊजी रोज सकाळी पुस्तिका मोठ्याने वाचायचे, बसच्या थांब्यांची नावं घेतल्यासारखी, आणि ती पोळपाट पुसता पुसता उत्तरं द्यायची. डाग काढून दाखवायचा भाग तर तिच्या डाव्या हाताचा मळ. अडत होतं ते मधलं. एका ताटात पाच कपडे, पाच डाग, दहा मिनिटांत पाचांतले चार तरी ओळखायचे. कपड्याचा मालक नाही, काउंटर नाही, विचारायला कुणी नाही.

सरावाच्या दिवशी माझ्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. कपड्यांना क्रमांकाचे टॅग आमच्याच दुकानातल्यासारख्या दोऱ्याने बांधलेले होते. आणि या भागात कपड्याला औषध लावायचं नसल्यामुळे एकजण बाहेर आला की तेच ताट पुढच्याला मिळायचं. मी वाटेत तिला म्हटलं, मीही दुसऱ्या श्रेणीचा फॉर्म भरते. आपण एकत्र भरला तर आपले नंबर लागोपाठ येतील. मी आधी जाईन, गाठी मारून येईन.

ती म्हणाली, या वयात चोरी करायची का? आणि तीन दिवस त्या विषयावर बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "गाठी घट्ट मार. माझी बोटं आता पहिल्यासारखी नाहीत." एवढं म्हणायला तिला काय लागलं असेल ते मला माहीत होतं. मी म्हटलं, तुम्ही निर्धास्त राहा.

आता इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी तिच्यासाठी फॉर्म भरला हे खरं. पण त्याआधीच मास्तरीणबाई एकदा मला म्हणाली होती, तुम्हाला डाग फार चांगले ओळखता येतात, पहिल्या श्रेणीवर का थांबताय? हे मी घरी सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं मी दुकानात "त्यांची जाऊ" होते. घरात तीन फळ्यांची धनीण. कुणी टोमणा मारला नाही, कुणी काही बोलून दाखवलं नाही, आणि तेच जास्त लागायचं. भांडायला तरी काही द्यावं ना माणसाने. बाईचं ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते, आणि त्याची मला लाज वाटायची, आणि तरी घोळवत होते.

परीक्षेच्या दिवशी माझा सातवा नंबर, तिचा आठवा. बाहेरच्या बाकावर ती माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. आत दोन परीक्षक खिडकीपाशी चहा पीत आपसांत बोलत होते. म्हणाले, घ्या, सुरू करा. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं की ते बघत होते. ते बघत नव्हते.

पहिला कपडा दुधाचा. दुसरा तेलाचा, डोक्याच्या तेलाचा. तिसरा धुतलेलं रक्त. चौथा चहा. पाचवा नुसता पांढरा, त्यावर काही दिसेना, पण उजेडापासून बाजूला नेला आणि नाकाशी धरला तर गोडसर, सरबताचा. चार मिनिटांत झालं. मी कागदावर लिहिलं. सहा मिनिटं उरली. मी पहिल्या टॅगचा दोरा हातात घेतला. एक गाठ मारायची होती, फक्त एक, लुगड्याची निरी खोचण्याइतकं सोपं काम. बोटांत दोरा धरून मी उभी राहिले.

त्या सहा मिनिटांत मी काय विचार केला? मला वाटलं, ही पास झाली तर पुन्हा त्या बाटल्यांपाशी उभी राहील आणि बोटंही गमावून बसेल. हा विचार आला, शपथेवर सांगते. पण तो दुसरा आला. पहिला विचार असा होता की ही नापास झाली तर टेबल माझं. तो आला आणि गेला नाही. दुसरा मी त्याच्यावर पांघरूण म्हणून घातला. परीक्षक म्हणाले, वेळ झाली. मी दोरा सोडला, पाचही दोरे सरळ करून ठेवले, आणि बाहेर आले. दारात ती आत शिरत होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली. हो म्हणून हलवली. तेही मीच केलं.

ती पूर्ण दहा मिनिटं आत होती. नंतर मास्तरीणबाईने परीक्षकांकडून ऐकून मला सांगितलं, की जाऊबाईने पाचही टॅगांचे दोरे पुन्हा पुन्हा बोटांतून फिरवले. परीक्षकांना वाटलं, घाबरली आहे. मग रक्ताचा डाग तिने कडेवरून ओळखला, तेलाचा बोटाने ओळखला. चहा आणि दूध उलटसुलट सांगितले. पांढरा कपडा हातात घेऊन तिने परीक्षकांना विचारलं, हा कुणाचा आहे? ते म्हणाले, कुणाचाच नाही, परीक्षेचा आहे. तिने विचारलं, तो घालून माणूस कुठे गेला होता? परीक्षक हसले. तिने कपडा घडी करून ठेवला आणि म्हणाली, यावर डाग नाही.

बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ बसली. मी तोंड उघडणार तोच हलक्या आवाजात म्हणाली, ताट बदललं गं त्यांनी. दोरे कोरे होते. मी म्हटलं, असेल. पुढच्या भागात तिने डाग काढून दाखवला तो असा, की दोन्ही परीक्षक उठून टेबलापाशी आले. पण पाचांत दोन म्हणजे नापास. मी पाचांत पाच.

तपासणीच्या आठ दिवस आधी मालकांनी टेबलावर हवा ओढणारा पंखा बसवला. एकतीस वर्षं त्यांना तो परवडत नव्हता. हातमोजे आणले, बाटल्यांवर नावं चिकटवली. चावलेल्या बुचाची बाटली फेकून दिली. आणि मला म्हणाले, चला, आता टेबल तुमचं. जाऊबाईला घड्यांच्या टेबलावर बसवलं. मला वाटलं होतं ती घरी बसेल, रुसेल, निदान मला एक दिवस जेवायला वाढणार नाही. तसं काही झालं नाही. पहिल्या सकाळी ती माझ्याआधी येऊन पत्रा पुसून गेली होती. ब्रश कोणता कुठे ठेवायचा ते सांगितलं. भाऊजींनी घरी विचारलं तेव्हा म्हणाली, धाकटीने तिचं काम चोख केलं होतं, नशिबात नव्हतं. भाऊजींनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मी ताट तसंच ठेवून उठले. पोट दुखतंय म्हटलं.

मी काम बरं करते. तिच्यासारखं नाही. अडलं की तिला हाक मारायची सोय नाही, कारण श्रेणीशिवाय तिने टेबलापाशी यायचं नाही असा नियम आणि मालक आता नियमाचे मोठे भक्त. मग मी कपडा तिच्याकडे घेऊन जाते, काय वास येतोय ते सांगते, ती घडी घालता घालता सांगते काय कर. गिऱ्हाइकं मात्र आता मला विचारत येतात. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, त्या टेबलवाल्या बाईंना द्या, तेव्हा मी मागे वळून तिला शोधलं. मग कळलं, मीच ती.

सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं. मी फॉर्म आणला. तिच्यासमोर ठेवला आणि घडाघडा बोलत सुटले, की मास्तरीणबाईला खरं सांगू या, वास गेलेल्यांसाठी काहीतरी वेगळी सोय असेल, नसेल तर ती भांडेल, बाई भांडणारी आहे, मी येते बरोबर. बोलता बोलता माझा आवाज चढला. इस्त्रीवाल्या बायका बघायला लागल्या. मला त्या दिवशी तिला सगळं सांगायचं होतं. फॉर्म हे निमित्त होतं. ती एकदा बसते म्हणाली असती तर मी सांगितलंच असतं, असं मला वाटतं.

तिने फॉर्म बाजूला सरकवला, म्हणजे तो घड्यांखाली चुरगळू नये.

"नको गं. तेव्हा आत माझ्यासाठी तू होतीस. ताट बदललं ते बदललं, पण तू गाठी मारल्या होत्यास ना? माझ्यासाठी आजवर कुणी इतकं केलं नव्हतं. मला तेवढं पुरे."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. जाऊबाई आडून बोलणारी नाही. तिला संशय असता तर तिने तोंडावर विचारलं असतं. तिच्या मनात तसलं काही नव्हतं. ती खरंच समाधानाने बोलत होती आणि माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं. "मारल्या होत्या."

तिने मान हलवली, शर्टाची बाही आत दुमडली आणि पुढचा शर्ट ओढला.